चाळीस सेकंद

चाळीस सेकंद पुरले.
मेंढ्यांना लस कधी टोचणार ते सांगणारी अग्लाया,
प्रुत नदीकाठच्या गावाची मतदान अधिकारी, एरवी ग्रंथपाल.
'र'वर जरा अडखळते, वाक्य संपताना श्वास सोडते.
तो श्वाससुद्धा यंत्राने उचलला.
साविन म्हणाला, खरा ऐवज हा. शब्द काय, कुणीही चोरेल.

तिने सही केली होती. हे आधी सांगतो,
कारण अहवालातही आम्ही हेच आधी सांगितलं.
किशिनौच्या कचेरीत, अंगावरचा कोट न काढता
तिने कागद दोनदा वाचला, मग विचारलं,
"आणि ज्यांना फोन जाणार, त्यांची सही?"
साविन हसला. विचारून केली तर ती चाचणी कसली?
मीही हसलो. जरा उशिरा.

मतदानाला अकरा दिवस होते.
दोनशे बारा घरांत तिचा आवाज गेला:
रविवारी येऊ नका, मतदान पुढे ढकललंय, तब्येत सांभाळा.
'तब्येत सांभाळा' हे माझं होतं.
वीस मिनिटांनी आम्हीच पुन्हा फोन लावले,
ते खोटं होतं, माफ करा, सावध राहा.
एकशे एकोणसत्तर जणांचा विश्वास बसला होता.
उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना ऐकूच कमी येत होतं.

राजधानीत टाळ्या. आलेख लाल रंगात.
मी म्हणालो, आम्ही काही लुटलं नाही,
दार उघडं आहे एवढंच दाखवलं.
पण ते दाखवायला मी आत गेलो होतो,
बुटांनिशी.

रविवारी पहाटे शाळेचा बॉयलर फुटला.
वर्गांत घोट्याएवढं पाणी.
अग्लायाने स्वतः फोन लावायला घेतले:
शाळेत नको, सांस्कृतिक भवनात या.
"शिकलोय आता आम्ही, बाई."
"यंत्रा, लाज वाटू दे."
कुणी नुसतीच शीळ घातली आणि ठेवून दिला.

खोट्याच्या कपाळी गोटा, म्हणतात.
आमचा गोटा बसला तिच्या कपाळी.

एकट्या इलारिओनने फोन ठेवला नाही.
म्हणाला, मशीनला ठाऊक नसेल असं काही सांग.
ती थांबली. मग म्हणाली,
"तुझ्या बायकोला पुरलं त्या दिवशी
तू कोट उलटा घातला होतास.
सगळ्यांनी पाहिलं. तुला सांगितलं मी एकटीने,
आणि अक्रोडाच्या झाडामागे उभं राहून तू तो सरळ केलास."
तो आला. तोच कोट घालून.

बाकीच्यांकडे ती चालत गेली.
सदतीस घरं झाली, तोवर रात्रीचे नऊ वाजले, पेट्या बंद झाल्या.
ही सदतीस घरं अहवालात नाहीत.
अहवाल आधीच छापून झाला होता.

शेजारच्या तालुक्यात, जिथे आम्ही काहीच केलं नव्हतं,
तिथे त्याच सकाळी एक खरोखरचा खोटा फोन फिरला.
कुणाचा, ते कळलं नाही. माणसं घरी बसली.
साविन हे प्रत्येक सभेत सांगतो, आणि ते खरं आहे.
ते ऐकलं की मला बरं वाटतं.
म्हणूनच मी तिथे थांबत नाही.

महिन्याभराने तिचा निरोप आला: माझा आवाज पुसा.
मी पुसला. माझ्या संगणकावरचा, साविनच्या,
आणि जिथे जिथे असल्याचं आम्हाला आठवत होतं तिथला.
मग फोन केला: अग्लाया, पुसला.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
तो श्वास, वाक्याआधीच सुटलेला.
"हे तूच बोलतोयस ना?"

मी तोंड उघडलं.
तिला आणि मलाच माहीत असेल
असा एक उलटा कोट शोधत राहिलो.
आमच्यात होता तो एक कागद,
आणि त्याची प्रत तर सगळ्यांकडे होती.