जातीचा रकाना

जनावरं मोजणारा पोरगा फटफटीवरनं आला
तेव्हा आमचा कळप
कुकुडवाडच्या खाली, एकाच्या पडीक रानात
खताला बसला होता.
दोन रातींचे तीन पायल्या जोंधळे, ठरलेला भाव.

त्यानं शर्टाच्या टोकानं टॅब पुसला.
शेळ्या किती? एकेचाळीस.
बोकड? एकच. दुसरा आखाडात गेला.
कुठं गेला?
आखाडात बोकड कुठं जातो, बाळा.
जात?

मामंजी तंबाखू मळत म्हणाले,
आमची का शेळ्यांची?

पोरगा हसला नाही. त्याच्या यादीत
उस्मानाबादी होती, संगमनेरी होती,
परदेशातली रुंद छातीची होती,
आणि तळाला, उरलेल्या सगळ्यांसाठी:
अवर्णित.

मी तो शब्द जिभेवर फिरवून बघितला.
म्हणजे, वर्णन करायला
कुणी खाली बसलंच नाही.

मग मी बसले. म्हणलं, लिही.
रंग भिजलेल्या मुरमाचा.
कान पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढे,
तसेच वाऱ्याआधी हलणारे.
गळ्याला दोन लोंबती थानं, दुधाची नव्हेत,
नुसता दागिना.
हिवराच्या शेंगा खाते,
बोरीचा काटा ओठानं बाजूला सारते,
एक दिवस पाण्यावाचून काढते, बोलून दाखवत नाही.
दूध एका धारेला एक फुलपात्र.
एवढंच.

तो म्हणाला, काकी, इतकं लिहायला जागा नाही.

त्या फुलपात्रांवरच माझं चाललंय.
मी कऱ्हाडकडची, उसातली,
जर्सीच्या बादल्यांशेजारी वाढलेली.
इथं आल्यावर सासूबाईंनी दाखवलं:
व्यालेल्या शेळीचं पहिलं दूध तो चीक,
कच्चं उंबर तोडलं की देठातनं पाझरतो तोही चीक.
उंबराच्या चिकाचे चार थेंब
कोमट दुधात सोडले की
दूध चालता चालता थांबतं.
मग मीठ, मग पंचा, मग वर जात्याची फुटकी तळी.
चराईला निघताना भाकरीवर एक फोड.
नाव नव्हतं. त्या म्हणायच्या, दाबलेलं.

पुण्याचा हॉटेलवाला चाखून म्हणाला, अहो, हे तर चीज!
सासूबाई म्हणाल्या, असंल.
कष्टाचं होतं म्हणतात ते.
कसं दिसतं, ते आज कळलं.

आता दर बुधवारी अकरा वड्या
ओल्या फडक्यात, म्हसवडच्या एसटीनं जातात.
त्याला हव्यात चाळीस.
म्हणतो, मोठी जात आणा, बोकड मी फुकट देतो.
खोटं कशाला बोलू,
रात्री हा हिशोब मलाही सुचतो.
मग ती मोठी शेळी मी मनातल्या मनात
चैताच्या उन्हात, या हिवराखाली उभी करते.
ती खुराकाची पिशवी शोधते.
माझ्याकडं बघते.

जात नाही ती जात, म्हणतात.
आमची तर चाललीय,
एकेका आखाडानं.

पोरगं निघालं. जाताना
एका शेळीकडं बोट करून विचारलं, ही का लंगडते?
ती मुरकी, म्हणलं, लहानपणी दगडात पाय सापडला.
आणि ती? ती बावरी. ती गुळी. ती सटवाईची.
फटफटी चालू ठेवून
त्यानं नऊ नावं ऐकली. लिहिलं काही नाही.

दिवस मावळायला बावरी व्याली.
मामंजींनी करडू उलटं धरून बघितलं. बोकड.
त्याला वाघरीत ठेवला, हात पुसले,
कोपरीच्या खिशातनं व्यापाऱ्याचा इसार काढला,
पोटातल्या बोकडावर घेतलेला,
माझ्या हातावर ठेवला.
उद्या परत दे, एवढंच.

त्या राती चीक सगळा करडाला पाजला.
पंचा धुऊन बाभळीवर टाकला.
सकाळी एसटी आली,
मी हात हलवून तिला पुढं जाऊ दिलं.