रंग बसेपर्यंत

रंग बसायला पस्तीस मिनिटं लागतात.
अहिरराव बाईंच्या कपाळाच्या कडेनं व्हॅसलिन लावून
मी म्हटलं, आता मान हलवू नका.
त्या म्हणाल्या, मग वाचायला दे काहीतरी.

मासिकं सगळी लेहंग्यांची.
मी ॲप्रनच्या खिशातून फोन काढला
आणि त्यांच्यापुढे धरले पाच फोटो:
सहीच्या दिवशी, श्वेतल मॅडम पाठमोऱ्या झाल्या तेवढ्यात
घाईनं टिपलेला माझा करार.
चार पानं बरी आलीत. तिसरं हललंय.

बाई कामगार कचेरीत बत्तीस वर्षं.
चष्म्याच्या काड्यांना फॉइल गुंडाळून
दोन बोटांनी अक्षरं मोठी करत
इंग्रजीत वाचायच्या, मराठीत सांगायच्या,
मेथी निवडावी तशा.

नोकरी सोडल्यावर वर्षभर
पाच किलोमीटरच्या आत कात्री धरायची नाही.
मी मनात मोजलं:
कॉलेज रोड गेला, गंगापूर रोड गेला, शरणपूर गेलं,
रामकुंडही गेलं, जिथे माझे वडील
सतरंजीच्या एका तुकड्यावर बसून
सुतकातल्या माणसांची डोकी भादरतात.
त्यांच्या जागेचा कागद नाही.
पण ती कुणाची, हे सगळ्या घाटाला ठाऊक,
गोदावरीलासुद्धा:
पुरात घेऊन जाते, ओसरली की परत देते.

हे कोर्टात उभं राहत नाही, पोरी, बाई म्हणाल्या.
मी राहते, मी म्हटलं,
सकाळी दहा ते रात्री नऊ.
त्या हसल्या नाहीत.
स्टूल हा शब्द शोधला त्यांनी चारही पानांत.

सोमवारी सुट्टी, लग्नसराई वगळून.
लग्नसराई कधी संपते ते लिहिलेलं नाही.
ड्रायर पडला तर पगारातून.
केराटिनच्या धुरानं डोळे झोंबले
तर त्याचं काहीच नाही.

रुआता केस झाडता झाडता थांबला.
त्याचं दहावीचं सर्टिफिकेट
ऐजॉलहून आलं ते थेट मॅडमच्या कपाटात,
दीड वर्ष झालं.
बाँड किती का लिखा है, त्यानं विचारलं.
बाँड तिसऱ्या पानावर.
पाचाच्या पुढे शून्यं होती, पण हललेली,
तीन की चार, मोजता येईनात.

टायमर वाजला.
बेसिनला पाणी आधी काळं आलं, मग तपकिरी,
मग नुसतं पाणी.
डोळे मिटूनच बाई म्हणाल्या,
भांडायचं ते नंतर बघ. आधी कॉपी माग.
आणि पर्समधून एक पेन्सिल काढून दिली,
अर्धी झिजलेली, सरकारी.

तीन दिवस मी मागितली नाही.
चौथ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं,
एसीही बंद होता.
विश्वास नाही का माझ्यावर, मॅडम म्हणाल्या.
आहे की, म्हणून तर झेरॉक्स चालेल,
ओरिजिनल राहू द्या तुमच्याकडे.
हे मी बोलले. माझा आवाज
हेअरस्प्रे संपत आल्यावर येतो तसा.

मागे फैजान उभा होता, त्याच्या मागे रुआता.
मेरा भी, मॅडम.
मेरा भी.

गंगापूर नाक्यावर पाच पानं, तिघांची, तीस रुपये.
झेरॉक्सवाल्यानं सुटे नाहीत म्हणून
एक चॉकलेट दिलं, ते फैजाननं खाल्लं.

सिटीलिंकमध्ये मागची सीट मिळाली.
अकरा तासांनी बसले.
बस खड्ड्यातून हलत होती, तिसरं पान नाही.
शून्यं चार.
आणि वरच्या ओळीत माझं आडनाव चुकलेलं,
सैंदाणेचं सैदाने केलेलं.
पेन्सिल खिशात होती.
नाही दुरुस्त केलं.
उद्या त्यांनाच करायला सांगेन,
आणि खाली, तारखेसकट,
त्यांची सही.