एक दिवसाआड

सेपिक इथे इतकी सावकाश वळते
की बोटवाल्यालाही कधी कधी कळत नाही
पाणी कुठल्या बाजूला चाललंय.
बर्फाची पेटी मांडीवर घेऊन मी बसते.
पेटीत रक्ताच्या नळ्या, यकृताची खुशाली विचारायला.
पिशवीत काचपट्ट्या, बोथट पातं, पोटॅशची बाटली
आणि तीस पाकिटं : कुणावर त्रिकोण, कुणावर चौकोन.
औषध कशात आणि नुसता खडू कशात, मला ठाऊक नाही.
डॉक्टर हॅलोरनना ठाऊक नाही.
मोरेस्बीतल्या एका कपाटाला ठाऊक आहे
आणि कपाटाला कुलूप आहे.

'ग्रिले' म्हणतात तिला.
कातडीवर वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ,
गळ्यापासून घोट्यापर्यंत.
पाहुणे म्हणतात, काय नक्षी आहे!
त्यांना म्हणावं, एक रात्र खाजवून बघा.

पातं लावलं की पापुद्रा सुटतो,
वाळल्या माशाच्या खवल्याइतका हलका.
पोटॅशचा थेंब, खालून दिव्याची जराशी ऊब,
आणि भिंगाखाली ती उगवते :
काचेचे धागे, पेरापेरांचे, फांद्या फुटलेले.
खरं सांगते, ती दिसली की मला आनंद होतो.
शोधलेलं सापडल्याचा. बाकी कशाचा नाही.

गोळी जेवणासोबत, आणि जेवणात तेल हवं,
नाहीतर ती अंगी लागत नाही.
सागोच्या खळीत तेल कुठलं?
म्हणून आम्ही तेलातल्या माशाचे डबे वाटतो.
पहिले दोन आठवडे गावाला वाटलं,
औषध म्हणजे मासाच.
म्हाताऱ्या तर अजून तसंच धरून आहेत.

आलोइस, त्रिकोण, क्रमांक एकोणीस.
कंबान, चौकोन, क्रमांक वीस.
एका आईचे, एका होडीतले.
सहाव्या आठवड्यात दोघांना शर्ट काढायला लावले :
दोघांची वर्तुळं सारखीच फिकी, सारखीच शिल्लक.
गोळ्या मोजल्या, हिशोब चोख.
एवढा चोख हिशोब मी या नदीवर कधी पाहिला नव्हता.

फोडलं ते धाकट्या बहिणीने, ऊस चघळत :
एक दिवस हा याच्या पाकिटातली घेतो
आणि तो त्याच्या.
दुसऱ्या दिवशी उलट.

का रे, म्हटलं.
कंबान जमिनीकडे बघत राहिला.
आलोइस म्हणाला, होडीत मी मागे बसतो, सिस्टर.
दिवसभर याची पाठ माझ्यासमोर.
माझी कोरी झाली आणि याची तशीच राहिली
तर वल्हं मारताना मी बघायचं कुठे?

फॉर्मवर रकाना आहे : नियमभंग, होय किंवा नाही.
खाली : कारण, थोडक्यात.
रकाना माझ्या करंगळीएवढा.
लिहिलं, 'मात्रेची अदलाबदल.'
होडी मावली नाही.

डॉक्टर चिडले नाहीत. तेच जास्त लागलं.
कंदिलाखाली दोन ओळींवर रेघ मारली,
मग कागदाच्या कडेला तीच वजाबाकी पुन्हा केली,
जणू दुसऱ्यांदा तीस उरतील.

पुढे कपाट उघडलं. त्रिकोण.
मग चौकोनवाल्यांनाही खऱ्या गोळ्या मिळाल्या,
या दोघांनाही पुरा काळ,
आणि एका रविवारी मिशनच्या प्रार्थनेला
आलोइस उघड्या पाठीने आला.
फादर काही बोलले नाहीत.

वर्ष झालं त्याला.
आज कंबान आला, कोपर पुढे करून.
नाण्याएवढं वर्तुळ, आत दुसरं, नुकतं सुरू झालेलं.
मागे आलोइस उभा. विचारतो,
या वेळी कुठलं पाकीट?

पाकिटं संपली, मी म्हणते. चाचणी संपली.
गोळ्या वेवॅकला मिळतील, विकत,
आणि वेवॅकचं बोटभाडं तुम्हाला माहीत आहे.

तरी पातं घेते. थेंब टाकते. दिवा लावते.
दोघं माझ्या खांद्यावरून वाकतात.
'दिसतेय?' कंबान विचारतो.
मी बाजूला सरकते
आणि भिंग त्याच्याकडे वळवते.