पट्टा

दुपारचे साडेचार, म्हणजे जानेवारीत आमच्याकडे रात्रच.
तुह्क जेवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या
आणि सरपणाच्या ढिगाशी उभी राहून ओकायला लागली.
बाहेर काहीच येईना.
नुसता कोरडा आवाज,
आटलेल्या विहिरीवर रहाट फिरावा तसा.

पोट बघता बघता ताठलं.
बाबांनी बोटानं वाजवून पाहिलं. ढोल.
"वारा धरलाय," म्हणाले,
पुढं काही बोललेच नाहीत.

तुह्क म्हणजे राख.
रंगावरून ठेवलेलं नाव,
नऊ वर्षं दिवसातून पन्नासदा हाकारलेलं.
त्या रात्री कुणाचीच जीभ धजेना.
हिला उचल, हिचं डोकं धर,
ही बघ कशी बघतेय.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, जठराला पीळ पडलाय.
दोन तास आहेत. फार तर तीन.
वोर्म्सीवर जनावरांचा डॉक्टर नाही,
बोट धक्क्याला गोठलेली,
आणि समुद्रावरचा बर्फाचा रस्ता
अंधार पडला की बंद.

फाटकावर हिल्लार होता.
एका वाहून आलेल्या ओंडक्यावरून
त्याचा नि बाबांचा अकरा वर्षं अबोला.
त्यानं मागच्या सीटवर बॅटरी मारली,
बराच वेळ तशीच धरली.
मग मला म्हणाला, फक्त मला,
"जुनिपरच्या फांद्या सोडू नकोस.
चौथ्या किलोमीटरला भेग आहे, फळ्या टाकल्यात."
आणि आडवा बांबू वर केला.

बर्फावर पट्टा लावायचा नसतो.
खालचं फुटलं तर बाहेर पडता यायला हवं.
वेग पंचवीसच्या आत,
नाहीतर चाळीसच्या वर.
मधल्या वेगात गाडीखाली पाण्याची लाट उठते,
गाडीच्या पावलावर पाऊल टाकत येते
आणि बर्फ खालून फोडते.

बाबांचा सगळा जन्म मधल्या वेगातला.
आई गेली त्या सकाळीही
मेंढ्यांना गवत वेळेवर पडलं.
कुत्रं ते कुत्रं, म्हणायचे,
उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत.
आता मागे बसले होते तिचं तोंड मांडीवर घेऊन,
कोटावर लाळ,
आणि जाड बोटांनी
तिच्या गळ्याचं बक्कल चाचपत होते.
"हिलाही नको," म्हणाले,
आणि पट्टा काढून घेतला.

मी साठवर होते. भेग आली, वीसवर आणायची.
साठावरून वीसवर येताना
मधल्या आकड्यांतून जावंच लागतं.
हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.
श्वास धरला. फळ्या वाजल्या.
मागून आवाज आला, "तुह्क. ए तुह्क."
पहिल्यांदा.
शेपूट हलली की गाडीनं हिसका दिला,
आरशात कळलं नाही.

हापसालूच्या दवाखान्यात पिल्ले नावाची पोरगेली डॉक्टर.
वय विचारलं, खर्च सांगितला,
टेबलावरच जाऊ शकते हेही सांगितलं.
बाबांनी चष्मा न लावता सही केली,
रेघेच्या खूप खाली.

मग बाकडं.
समोर मांजरांच्या दातांचं चित्र.
बाबा तो पट्टा बोटांभोवती गुंडाळत होते,
पिळत होते, आणखी पिळत होते,
बोटांची टोकं पांढरी पडली.
मी हात धरला. सोडवून घेतला नाही त्यांनी.

पावणेदहाला पिल्ले बाहेर आली, टोपी तशीच.
पोट सरळ केलंय, शिवलंय.
प्लीहा काढावी लागली.
हृदयाचा ठोका अधूनमधून चुकतोय.
तीन दिवस काही सांगता येणार नाही.

उजाडल्यावर परतलो.
मागची सीट अजून ओली, वास तसाच.
फाटकाशी हिल्लारनं काच ठोठावली,
मागे वाकून पाहिलं,
आणि भुवया तेवढ्या वर केल्या.
बाबांनी तीन बोटं दाखवली.
"दिवस," म्हणाले.
हिल्लार थोडा वेळ त्या बोटांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "जमीन आली, कारेल. पट्टा लाव."

बाबांनी आधी
मनगटाला गुंडाळलेल्याकडे पाहिलं.