नदीजवळ

माझ्या जाहिरातीत तीनच ओळी होत्या:
तळमजल्यावरची खोली, स्वतंत्र दार.
समा भागात, शांत सोसायटी.
नदीजवळ.

शेवटचा शब्द भाच्याने घालायला लावला.
म्हणाला, मावशी, लोकांना नदी आवडते.
विश्वामित्री कुणाला आवडते
हे मला चौतीस वर्षांत कळलेलं नाही,
पण शब्द दिसायला बरा होता.

सांगलीहून मगदूम आले, नवरा-बायको
आणि मुलगी ऋजुता. तिची फाइन आर्ट्सची मुलाखत.
तीन रात्रींचे पाच हजार चारशे, आगाऊ.
पहिल्या रात्री म्हणाले, पंखा आवाज करतो.
दुसऱ्या रात्री अडीच वाजता
न्हाणीघरातली बादली तरंगत पलंगाशी आली.

वर या, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांना कांदा-बटाटा चालत नव्हता,
घरात नेमकं तेवढंच होतं.
डब्याच्या तळाशी मूग निघाले.
सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम;
वीज नव्हती, तेव्हा माझाही तोच झाला.
मगदुमांना ह्यांचा लेंगा दिला,
चार वर्षं घडी न मोडलेला.
ऋजुता कोळशाच्या कांडीने जिन्यावर रेघा मारत राहिली,
प्रत्येक रेघेशी वेळ.
सातव्या पायरीला पाणी थांबलं, चार वाजून वीस.
समोर पंड्यांच्या ओट्यावर मगर येऊन बसली,
पंड्याकाका गच्चीवरून ओरडले,
"बेन, आ तो भाडुं आप्या वगर रहे छे!"
आम्ही सगळे हसलो,
मगदूम सगळ्यात जास्त.

आठव्या दिवशी तक्रार आली.
जागा वापरण्यायोग्य नव्हती,
दोन रात्रींची रक्कम परत मिळावी.
सोबत फोटो: चिखल, माझा पलंग, माझी बादली.
फोटो खरे होते.
यजमानांनी अठ्ठेचाळीस तासांत बाजू मांडावी.

परीक्षा विभागात एकतीस वर्षं टायपिंग केलंय मी,
फेरतपासणीच्या अर्जांना उत्तरं दिलीत.
लिहायला बसले:
वरच्या मजल्यावरचा मुक्काम, माणसं तीन.
खिचडी, तीनदा.
मेणबत्त्या, सहा.
लेंगा, एक
आणि पुढे रकमेचा रकाना.

लेंगा आदल्याच दिवशी पार्सलने परत आला होता,
इस्त्री करून. नाडी नवी घातलेली.

पुसून टाकलं सगळं, चिडूनच.
आकडा लिहिला असता
तर ती खानावळच ठरली असती.

मग फोन केला.
"काकू, तक्रार तुमच्याबद्दल नाही, खोलीबद्दल आहे."
"खोली माझीच ना हो?"
तिकडे जरा वेळ काहीच नाही.
"एकोणीस साली आमचं दुकान गेलं पाण्यात.
विमावाले म्हणाले, कलमात बसत नाही."
"मग?"
"भांडलो. दीड वर्ष."
"मिळाले?"
"नाही.
म्हणून तर."

कंपनीने निकाल दिला, अर्धे.
माझे अठराशे गेले,
त्यांना पंधराशे तीस पोचले.
मधले दोनशे सत्तर कुठल्या पुरात वाहिले
ते दोघांनाही ठाऊक नाही.
ऋजुताला प्रवेश मिळाला का, मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.

खोलीला चुना काढला. जिना पुसला,
सातवी पायरीसुद्धा.
कोळसा लवकर जात नाही, एवढंच.

जाहिरात पुन्हा टाकायची होती.
शेवटचा शब्द खोडला,
तर शांत सोसायटी एकटी पडली.
परत लिहिला. मधे बोटभर जागा सोडली,
पुढे एक क्रियापद जोडलं:
नदी जवळ येते.

भाचा कपाळाला हात लावून बसलाय.
परवा एक बुकिंग आलं, नाशिकचे कोणी.
त्यांनी विचारलंय,
साधारण किती वाजता?