सहा आणि सहा

महाराणी रोडवरचा लेखराज म्हणाला,
बारा व्होल्टच्या बॅटरीवर काय बोलणार, भिया?
साडेचार वॅट.
भजनी मंडळाच्या टाळांखाली तेवढ्यात पेटीही बुडेल.
मी म्हटलं, ब्रिज करतो, अठरा निघतील.
त्याने पुडीत आठ मॉसफेट बांधले:
चार लागणारे, चार जळणारे.
त्याला गिऱ्हाइकं माहीत आहेत.

सुदामानगर, मागची खोली, पंखा बंद.
क्लास डी. शाळेत ड तुकडी म्हणजे
मास्तरांनी सोडून दिलेली पोरं;
इथे सगळ्यात कमी तापणारी.

एक त्रिकोणी लाट सेकंदाला तीन लाख वेळा
टेकडी चढते, उतरते.
गाणं तिच्याशेजारी उभं करायचं
आणि विचारत राहायचं, कोण वर? कोण वर?
उत्तर हो किंवा नाही.
एवढ्या हो-नाहीतून परत अभंग कसा निघतो
हे कॉइल स्वतःच्या हाताने गुंडाळूनही
मला अजून धड पटलेलं नाही.

वरचा मिटला की खालचा उघडायचा,
पण लगेच नाही.
चाळीस नॅनोसेकंद दोघांनी गप्प राहायचं,
नाहीतर बॅटरी सरळ दोघांतून धावते.
फार गप्प राहिले तर आवाज फाटतो, तेही आहे.
आमच्या घरात ही गप्प अकरा वर्षं चालली.
राऊच्या प्लॉटवरून.

ब्रिज म्हणजे असे दोन अर्धे.
एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो,
स्पीकर मधोमध टांगलेला,
त्याची एकही तार जमिनीला नाही.
आईला सांग, आमटीत मीठ नाही.
बाबांना सांग, मीठ ताटात वाढलंय.
मी सातवीत. दोन खोल्या, मध्ये सहा पावलं.
निरोप पोचेपर्यंत दुप्पट नाही, चौपट व्हायचा.

परवा चूक केली.
स्कोपची जमिनीची क्लिप, जुन्या सवयीने,
स्पीकरच्या एका टोकाला लावली.
फट्.
एक अर्धा गेला, फळीवर काळा डाग.
आठवीत एकदा मी आईच्या बाजूने बोललो होतो,
तेव्हा बाबा चार दिवस देवासला जाऊन राहिले.

पुडीतले उरलेले लावले. रात्री दीड.
सिग्नल नाही, फक्त मीटर.
डावं टोक ते जमीन: सहा व्होल्ट.
उजवं टोक ते जमीन: सहा व्होल्ट.
दोन टोकांत: शून्य.
मी पुन्हा मोजलं. बरोबरच होतं, तसंच असतं,
दोन्हीकडे सारखं असलेलं स्पीकरला ऐकूच येत नाही,
त्याला फक्त फरक कळतो.

परीक्षेच्या सकाळी दोघंही, एकमेकांना न सांगता,
माझ्या कंपासपेटीत पाचाची नोट ठेवायचे.
मी दहा रुपये मोजायचो
आणि मधल्या सुट्टीत कचोरी खायचो.

गुरुवारी मंडळ जमलं. साडेसातला वीज गेली
आणि कांताबाई अत्र्यांचा आवाज
गल्लीच्या टोकापर्यंत गेला.
मांजर आलं. जुन्या ॲम्प्लिफायरवर झोपायची सवय त्याला.
नव्यावर पंजा ठेवून पाहिला,
गार.
मग बाबांच्या खोलीकडे गेलं;
दार उघडंच होतं.