रजेचा अर्ज

ग्वाल्हेरला उतरले तेव्हा पहाटेचे पावणेपाच,
धुकं इतकं की किल्ला
कुणी घडी घालून कपाटात ठेवल्यासारखा.
रिक्षावाला म्हणाला, "लश्कर?"
मी म्हटलं, "लष्कर."
एका श-षच्या फरकावर त्याने पन्नास रुपये वाढवले.

अकरा दिवसांची रजा.
दोन विमानात गेले, एक दिल्लीत बॅग शोधण्यात,
तीन सासरी.
उरलेल्या पाचांत मला
दीडशे वर्षं शोधायची होती.

दौलतगंजात मनोहर पाध्ये मोडी वाचून देतात.
रेल्वेतून निवृत्त. कानटोपी. दोन चष्मे,
एक कागदासाठी, एक माणसांसाठी.
"बसून घ्या. केव्हा आलात?"
आणि श्वासही न घेता, "परत जाणं कधी आहे?"
आयंडहोवनहून आलेलीला हे दोन प्रश्न
सगळे जोडूनच विचारतात,
गजक आणि तिला चिकटलेला कागद.

माझ्याजवळ होतं काय?
धामणकर हे आडनाव, त्यातलं गाव
आमच्यात कुणी पाहिलेलं नाही.
आणि बाबांचं एक वाक्य:
आपले कुणीतरी हत्तींकडे होते.
लहानपणी मी त्यांना हत्तीवर बसवलं,
भाला दिला, मिशा दिल्या,
वर्गात तसंच सांगितलं.

पाध्यांनी झेरॉक्सवर बोट ठेवलं.
"त्र्यंबक विठ्ठल. पीलखाना.
वैरण-कारकून."
ऊस किती, रोट किती,
कुठल्या हत्तीने किती टाकून दिलं,
ते लिहायचं.
मला हसू आलं.
मीही गोदामात हेच करते. आत काय आलं, बाहेर काय गेलं.
हत्ती नाहीत, एवढंच.

दुसरा कागद अर्जाचा.
हात एकदाही न उचलता लिहिलेला,
जणू लेखणी उचलली तर धीर सुटेल.
पाध्ये हळूहळू वाचत गेले:
मातुश्रींस पाहून सहा वर्षे जाहली.
दोन महिने रजेची आज्ञा व्हावी.
जाऊन माघारा येतो.

खाली वेगळ्या अक्षरात: मंजूर.

मी मनात त्याचं सामान बांधलं.
दशम्या, धोतरजोडी, आईसाठी इथलं काहीतरी,
काय नेत असतील तेव्हा इथून?
पाध्यांनी तिसरा कागद ओढला.
पगारपत्रक, त्याच दोन महिन्यांचं.
पूर्ण पगार. नावापुढे सही, दोन्हीदा.

"गेला नाही तो."
"पण का?"
"आता ते तर कागदात नाही ना, बाई."
आणि ते चहाचं सांगायला आत गेले.

हत्ती आजारी पडला असेल.
पैसे पुरले नसतील.
किंवा अर्जाआधीच घरून निघालेली बातमी
मंजुरीनंतर पोचली असेल.
मी कारणं मांडत राहिले,
कारण मला माझं आठवायचं नव्हतं:
आईचं ऑपरेशन. माझी रजा मंजूर. तिकीट काढलेलं.
मी कळवलं, इथे फार काम आहे.
काम नव्हतं.
मला तिला तशी बघायची नव्हती.
कंपनीने पैसे परत केले,
चाळीस युरो कापून.

चहात आलं जास्त होतं. डोळ्यांना निमित्त झालं.

पाध्ये म्हणाले, वंशावळीत लिहू काय? मूळ गाव?
मी खिडकीतून खाली पाहिलं.
लष्कर म्हणजे तळ. चार दिवसांचा मुक्काम.
दोनशे वर्षं झाली, कुणी खुंट्या उपटल्या नाहीत,
त्यांच्यामधून आता मोबाइलची दुकानं,
रजयांचे ढीग, एक गाय,
आणि अजूनही कुणी विचारलं की आम्ही म्हणतो,
आम्ही मूळचे तिकडचे.

"राहू द्या," म्हटलं. "कोरं असू द्या."

जिना उतरताना सवयीने तोंडून गेलं, "येते."
वरून कानटोपी वाकली.
"हां, या. पण बाई,
परत जाणं कधी आहे
ते तर सांगितलंच नाही."